टिटवीचा तळ कोरडा ठेवणारा

होडी विकत घ्यायला आलेल्या उत्तराला वाटलं होतं, कुजकं लाकूड, फाटकी शिडं आणि पायाखाली हिरवं पाणी बघावं लागणार. वीस वर्षांची म्हातारी यॉट, दुसरं काय असणार? पण तिने तळाची फळी उचलली तर आत सगळं कोरडं. ती मनापासून हसली. तो कोरडेपणा माझी कमाई होती. मी बोलतोय ना, तो 'टिटवी' नावाच्या त्या शिडाच्या होडीच्या पोटात बसवलेला पितळी हातपंप.

घाटकोपरच्या एका ओतकामाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. टिटवीच्या मालकांनी, मार्तंडरावांनी, दुकानात माझा दांडा चारदा वरखाली करून मला निवडलं. नोकरीत असताना हौसेने त्यांनी टिटवी बांधून घेतली होती. मालाडच्या पश्चिमेला, मार्व्याच्या खाडीत ती नांगरलेली असायची. पहिली काही वर्षं मी नुसता बसून होतो. मग तिच्या कण्यालगतच्या फळीची फट जराशी उघडली आणि खाडी आत झिरपू लागली.

होडी किनाऱ्यावर ओढून फट बुजवायला हवी होती. मार्तंडराव त्याऐवजी रोज पहाटे पहिल्या बसने आणि संध्याकाळी पुन्हा यायला लागले. दात घासावेत तितक्या सहज पाणी उपसायचे आणि परत जायचे. माणसं दुखणं बरं करत नाहीत, त्याची वेळ सांभाळायला शिकतात. "टिटवी गळत नाही," असं ते कुणालाही सांगत, आणि ते खोटं नव्हे, त्यांना तसंच वाटे. भरलेली टिटवी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

निवृत्तीनंतर त्यांचा खांदा धरला. मुलुंडची मुलगी आपल्याकडे बोलवत होती. म्हणून शहाऐंशीच्या मार्चमध्ये त्यांनी टिटवी विकायला काढली आणि उत्तरा आली.

ती इंग्लंडातल्या एका बंदरगावात शिकलेली, शिडं हाताळायला तिथेच शिकलेली. परतताना एकच वेड घेऊन आली होती. मालाडच्या चाळींतल्या मुलींना समुद्र फक्त वासाने ठाऊक आहे, म्हणायची. त्यांच्या हातात सुकाणू द्यायचं. पहिल्या तुकडीतल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. तेही शिकवीन, म्हणाली.

होडी मात्र तिने डोळे उघडे ठेवून तपासली. डोलकाठीच्या पायाशी चाकूचं टोक रुतवून पाहिलं. तारांच्या टोकांवरचा गंज खरवडला, शिडाची शिवण नखाने ओढली, सुकाणू किती खिळखिळं झालंय ते हलवून पाहिलं. सगळं वयाच्या मानाने ठीक होतं. मग उठताना आधाराला तिने हात टेकला तो माझ्यावर.

"काका, इथलं सगळं पितळ हिरवं पडलंय. हा एवढा चकचकीत कसा?"

"रोज हात लागतो ना त्याला," मार्तंडराव कौतुकाने म्हणाले.

वसुधाकाकू, त्यांच्या पत्नी, थर्मासमधला चहा ओतत होत्या. "इतकं लक्ष माझ्याकडे दिलं असतंत," त्या म्हणाल्या, "तर मीही चकाकले असते."

उत्तरा हसली, पण तिचा हात माझ्यावरून निघाला नाही. उद्या सकाळी परत येते, तोवर याला हात लावू नका, एवढंच तिने सांगितलं. मार्तंडराव जरा दुखावले. बघ की खुशाल, म्हणाले.

तुम्ही कधी जुनी होडी घ्यायला निघालात, तर रंग बघून भुलू नका. मालकाच्या प्रेमानेही भुलू नका. तिच्यातली सगळ्यात हाताळलेली वस्तू शोधा आणि तिला एवढं काम का पडतं, ते विचारा.

दुसऱ्या दिवशी मार्तंडराव सवयीने आधीच पोचले. वसुधाकाकू मुद्दाम बरोबर आल्या होत्या. एका संध्याकाळचा उपसा चुकला होता, तेवढ्यात तळाच्या फळ्यांवर पाणी चढलं होतं. ते बघून मार्तंडरावांचा हात माझ्या दांड्यावर आला. त्यांनी जोर लावला असता तर मी उपसलंच असतं. मला नाही म्हणता येत नाही.

"आता हिला कुणी घेणार नाही, वसुधा. फोडून लाकूड विकतील."

"अहो, त्या पोरींना पोहता येत नाही."

हात तसाच राहिला. मग हळूच सुटला.

उत्तरा आली, तेव्हा ते भिजल्या बुटांनी पाण्यात उभे होते. मला खरंच ठाऊक नव्हतं गं, म्हणाले. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. मग गुडघ्यांवर बसून पाण्यात हात घातला, कण्याच्या कडेने चाचपत गेली आणि एका जागी थांबली. "इथून येतंय. बोटांना धार लागतेय."

मग ओला हात झटकत ती उठली.

"काका, टिटवी मी घेते. पण फट बुजेपर्यंत मुली हिच्यात बसणार नाहीत. आज भरतीला हिला वाळूवर ओढू. ही फळी मुलींसमोरच काढायची. आधी त्यांनी हिचं पोट बघावं, मग शीड."

"आणि ती फट नाहीच बुजली तर?"

"तर मुली वाळूवरच राहतील."

वाळूवरच्या होडीत पंपाला काम नसतं. असं बेकार होणं प्रत्येक पंपाच्या वाट्याला यावं.