सुतळीच्या आतला तलाव

"तलाव तुम्ही मारलात," तलावबाई फोनमध्ये म्हणाल्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सुतळीचं टोक आणि पाय परसातल्या वाळक्या गवतात रोवलेले. "दुरुस्तीच्या नावाखाली पाणी उपसलंत आणि सगळा पावसाळा तसाच रिकामा ठेवलात. रिकामा ठेवू नका, जमिनीतलं पाणी खालून तळ उचलेल, असं तुमच्याच माणसांनी तुम्हाला सांगितलं होतं. तळ फुटला. मग तुम्ही 'धोकादायक' म्हणून पाटी लावलीत, कुलूप घातलंत आणि मोकळे झालात. आता तिथे स्वतःच्या गाड्या उभ्या करताय. याला अपघात म्हणू नका, साहेब. तोंड विटाळेल."

पलीकडचा साहेब म्हणाला, चौकशी चालू आहे. साहेब लोकांची चौकशी कायम चालूच असते, पोचत मात्र कुठेच नाही. बाईंनी फोन गवतात टाकला आणि सुतळी ताणली.

"धरलंत का तिकडून?"

"धरलंय," त्यांचे मिस्टर म्हणाले.

सार्वजनिक तलावावर बाईंनी उभं आयुष्य पोहायला शिकवलं होतं, तेही मोठ्या बायकांना. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, गुडघ्यांनी हैराण झालेल्या, जन्मात कधी चारचौघांत पोटरी न दाखवलेल्या. अशा बाईला पाण्यावर पाठ टेकायला लावणं सोपं नसतं. बाई ते करत आणि वर शिव्याही देत. त्यामुळे अख्खं गाव त्यांना तलावबाई म्हणे. मिस्टरांचं बाजारात चष्म्यांचं दुकान होतं, पण त्यांना कुणी चष्मेवाले म्हणत नसे. ते तलावबाईंचे मिस्टर.

कुलूप लागल्यापासून बाई घरात भांडी आपटत होत्या. मग एकदा जेवताना मिस्टरच म्हणाले, परसात फायबरचा तलाव बसवू या का? हल्ली तयार मिळतात. बाईंचा घास हातातच राहिला होता. इतक्या वर्षांत त्या माणसाने तलाव हा शब्द स्वतःहून उच्चारला नव्हता.

आता तलाव विकणारा येऊन उभा होता. पांढरे बूट, कडक इस्त्री आणि हातात चित्रांचं जाड पुस्तक.

"मॅडम, हा काजूच्या आकाराचा बघा. सध्या हाच जातोय."

"मला त्यात पोहायचंय हो, खायचा नाहीये. सरळ लांबट दाखवा."

पांढऱ्या बुटांनी पान उलटलं. "लांबटमध्ये हे तीन. पण आधी एक सांगतो. अख्खा तलाव कारखान्यात साच्यातून एकसंध निघतो. ट्रकवरून येतो, क्रेनने घरावरून उचलायचा आणि मागे खड्ड्यात ठेवायचा. खाली खडीचा सपाट थर. मग आत पाणी आणि बाहेर खडी, दोन्ही बरोबरीने चढवत न्यायचं, नाहीतर बाजू फुगते. काम दिसायला झटपट आहे. पण साचा ठरला की ठरला. नंतर जरा लांब करा, जरा खोल करा, असलं काही होत नाही."

"म्हणजे लग्नच की!" वरून आवाज आला.

वन्सं गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकून उभ्या होत्या. मिस्टरांची ही थोरली बहीण वरच्या मजल्यावर राहायची आणि खालच्या मजल्यावरचं सगळं बघायची.

"ताई, तू ऊन खात बस ना," मिस्टर म्हणाले.

"ऊनच खातेय. वर तमाशा फुकटात मिळतोय."

पांढऱ्या बुटांची काम करायची एक पद्धत होती. चित्रावरून ते कुणालाही साचा ठरवू देत नसत. आधी जमिनीवर खुंट्या ठोकायच्या, सुतळीने तलाव खऱ्या मापाचा आखायचा आणि मग घरच्यांनी त्याच्या आतबाहेर हिंडून बघायचं. कागदावर सगळेच तलाव मोठे दिसतात, असं त्यांचं म्हणणं. सुतळी बांधून झाली. परसाचा बराच भाग तिने गिळला. वाळत घातलेले कपडे काढावे लागले आणि लिंबाचं झाड काठावर आलं.

बाईंनी साडीचा पदर खोचला, सुतळी ओलांडली आणि सरळ गवतात पालथ्या पडल्या. हात पुढे, पाय मागे. एक हात मारला, दुसरा मारला, तिसऱ्याला बोटं सुतळीला लागली.

"अगं बाई, माती लागेल!" वन्सं ओरडल्या.

"तीन हात मारले की भिंत," बाई गवतातूनच म्हणाल्या. "मासासुद्धा गरगरेल." तरी त्यांचा आवाज रागाचा नव्हता. तोंडाला वाळलेलं गवत लागलं होतं आणि कुलूप पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे खांदे नीट सुटले होते. "अहो, या जरा. बाजूला आडवे व्हा. दोघीजणी एकमेकींना न लागता जातील का बघू."

"इथून दिसतंय की. जातील."

"दिसतंय काय! झोपून बघा."

"चहा टाकलाय मी," असं म्हणून मिस्टर आत गेले.

पांढऱ्या बुटांनी तलाव किती खोल हवा, हा विषय काढला, तेव्हा ते चहाचा ट्रे घेऊन परत आले होते. स्वयंपाकघराच्या दारापासून पाहुण्यापर्यंतची वाट सुतळीच्या मधूनच जात होती. मिस्टर भिंतीलगत गेले, लिंबाला वळसा घातला आणि लांबून आले. चहा अर्धा बशीत सांडला. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं, त्या खोल बाजूवर अडल्या होत्या.

"एका टोकाला छातीइतकं आणि दुसऱ्या टोकाला डोक्यावरून. खोल पाणी नसेल तर भीती मोडत नाही. हे मी तुम्हाला शिकवायचं?"

"चार फुटांच्या वर नको," मिस्टर म्हणाले.

बाईंनी वळून बघितलं. घरात पडदे कुठले, भाजी कुठली, मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, कशातच या माणसाने 'नको' असं सरळ म्हटलं नव्हतं.

"सगळीकडे चार फूट? आणि मी शिकवू काय, बसून अंघोळ?"

"आणि पायऱ्या रुंद असू देत. त्यांना धरायला दांडी. दोन्ही बाजूंनी." मिस्टर आता बाईंशी बोलतच नव्हते, पांढऱ्या बुटांशी बोलत होते. "समजा, माणूस मध्यावर उभा आहे आणि पाय सटकला, तर हात काठापर्यंत पोचतो का?"

"काका, चार फुटांत कोण बुडणार?"

"तरी. पोचतो का?"

"अहो, कोणाला काय विचारताय!" गच्चीतून हसू आलं. "याला विचारू नका काही. हा डोक्यावर तांब्या घेताना अजून नाक धरतो. लहानपणी अंघोळीला दोघं लागायचे, एक धरायला, एक ओतायला!"

पांढरे बूट मोकळेपणाने हसले. मिस्टरही हसले, पण चष्मा काढून पुसता पुसता.

बाई हसल्या नाहीत. माझ्या बायकांच्या हातात दांड्या देऊन यांना तलावाची दवाखान्यातली खाट करायची आहे, असं त्यांच्या मनात आलं आणि डोकं तापायला लागलं. तेवढ्यात मिस्टरांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "हे सगळं नंतर. आधी कुंपण. तिन्ही बाजूंनी, डोक्याच्या वर. फटी नकोत. गच्चीतूनही दिसता कामा नये, वर काहीतरी जाळी नाहीतर छप्पर घ्या. ते होणार नसेल तर तलाव नको."



बाईंना हे ऐकायची भीती होती. तिला त्यांनी आजवर नाव दिलं नव्हतं इतकंच. सासूबाई होत्या तेव्हा रोज म्हणायच्या, आमच्या घरची सून अर्ध्या कपड्यांत पाण्यात उतरते आणि गाव बघतं. मिस्टर आईला कधी दुजोरा देत नसत. उलटून बोलतही नसत. रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन तलावाच्या फाटकाशी यायचे आणि फाटकाबाहेरच थांबायचे. आत शर्यती असोत, बक्षीस समारंभ असो, बाईंचा सत्कार असो, माणूस फाटकाबाहेर. एकदा बाईंनी हात धरून ओढलं होतं, तर हात असा काही सोडवून घेतला की चार लोकांनी बघितलं. त्या दिवशी बाईंनी मनात एक शिक्का मारून टाकला, लाज वाटते याला माझी. पुन्हा कधी बोलावलं नाही. त्या शिक्क्यासकट संसार केला, मुलगी वाढवली. दोन माणसं अशी किती वर्षं एका ताटात जेवू शकतात, याचा कुणी हिशेब ठेवत नाही.

आणि आता म्हणे कुंपण. सरकारी तलाव बंद झाला तर घरी तलाव घेऊ, का, तर निदान आता ही बाई भिंतीआड पोहेल. बाहेर साहेबाने कुलूप घातलं, इथे घरच्याने. वरून प्रेमाने.

"तुमचं पुस्तक मिटा," बाई पांढऱ्या बुटांना म्हणाल्या. "हा तलाव नकोय आम्हाला."

"मॅडम, एकदम असं... कुंपणाचं काही ना काही काढता येईल. गाडीत रंगांचे नमुने आहेत, ते तरी बघा." बुटांना घरातल्या हवेचा अंदाज चांगला होता. ते गाडीकडे निघाले आणि जाताजाता म्हणाले, "काका, ती टेप मध्येच राहिलीय बघा. तेवढी द्या."

मापाची लोखंडी टेप सुतळीच्या आत, साधारण मध्यावर पडली होती. बाई पडल्या होत्या तिथेच.

मिस्टर सुतळीपाशी आले आणि थांबले. बाई बघत होत्या. बघायचं म्हणून नाही, रागाने रोखून बघत होत्या. आता यांनी टेप उचलली की घरात जायचं आणि दार लावून घ्यायचं, इतकंच त्यांच्या डोक्यात होतं. मिस्टरांनी सुतळी ओलांडली नाही. ते काठाने थोडे पुढे गेले, परत मागे आले. मग गुडघ्यांवर बसले, डाव्या हाताने कोपऱ्यातली खुंटी घट्ट धरली आणि उजवा हात लांब करून टेपकडे वाकले. बोटं पोचेनात. आणखी वाकले. खुंटीवरच्या हाताच्या शिरा टरारून आल्या, कपाळावर घाम आला आणि त्यांनी श्वास रोखून धरला.

खाली गवत होतं. कोरडं, वाळकं गवत.

बाई अशी माणसं आयुष्यभर बघत आल्या होत्या. नव्या बायका पहिल्या दिवशी काठावर अशाच बसत. एक हात दांडीवर, दुसरा पाण्याच्या दिशेने, श्वास बंद. आणि त्याआधी सगळ्यांचे प्रश्न ठरलेले. खोल किती आहे? धरायला काय आहे? आणि मग आवाज खाली आणून, बाहेरून कुणी बघणार नाही ना, बाई? शिकायला आलेली एकही बाई शेवटचा प्रश्न चुकवत नसे. या वयात धडपडताना कुणाला दिसू नये, एवढंच त्यांचं मागणं. बाई त्यांना झापून पाण्यात घ्यायच्या आणि दोन्ही हातांनी तोलून धरायच्या.

तेच प्रश्न आज सकाळपासून त्यांच्या कानावर पडत होते, याच क्रमाने. फक्त आवाज घरचा होता.

त्या सुतळीच्या आत गेल्या, टेप उचलली, पण लगेच दिली नाही. मिस्टरांच्या समोर गवतात मांडी घालून बसल्या. मिस्टरांनी अजून खुंटी सोडली नव्हती.

"मॅडम, हा निळा बघा आणि हा करडा," पांढरे बूट नमुने घेऊन आले. "आणि कुंपणाचं काय, हिशेबात धरू का?"

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या. गच्चीतून वन्संनी तोंड उघडलं होतं. "वन्सं, तुम्ही आत जा."

वन्सं चक्क आत गेल्या.

"तूच ठरवतेस ना," मिस्टर खाली बघत म्हणाले. "नको तर नको. मी आपलं..."

"तलावाचं मी नंतर ठरवेन. आधी मला एक सांगा." बाईंचा आवाज पोहायला शिकवतानाचा होता, कडक, पण जवळून आलेला. "मी पाण्यात आणि तुम्ही फाटकाबाहेर. माझ्या प्रत्येक सत्काराला, मुलीच्या पहिल्या शर्यतीला, तुमची आई मला घालूनपाडून बोलायची तेव्हासुद्धा. मी समजले, लाज वाटते. मनाशी पक्कं करून टाकलं आणि तुम्ही मला ते खुशाल करू दिलंत. आता मान वर करा आणि सांगा, ती लाज कुणाची होती? माझी, की तुमची स्वतःची? पाण्याला घाबरता, हे एवढ्या वर्षांत मला एकदाही का सांगितलं नाहीत? इकडे बघा. बोला."