खोली चारचा तक्ता

माझ्या फोनमध्ये दोन हजार तीनशे स्क्रीनशॉट होते आणि त्यांचा मला माज होता. अभिमान वगैरे नाही, माजच. शीतगृहाच्या नियंत्रण कक्षात चौदा वर्षं काढली. कुठल्या फळाला किती थंडी लागते, कुठला अलार्म खरा आणि कुठला उगाच कोकलणारा, सगळं टिपून ठेवलेलं. कुणाचं अडलं की माझ्याकडेच यायचं. मी बोटाने सरकवत नेमकं चित्र काढायचे, की समोरच्याचा जीव भांड्यात पडायचा.

मग साहेबांनी फर्मान काढलं, हे सगळं नीट लावून सर्वांसाठी ठेवा. सोबतीला नवी ऑपरेटर दिली. ती भलतीच शिस्तीची.

"ताई, प्रत्येक चित्राला नाव द्यायचं. आधी तारीख, मग खोली, मग काय झालं ते."

"तारीख कशाला? फळ काय तारीख बघून नासतं?"

"जुनं कुठलं, नवं कुठलं, कळायला नको?"

मी नाक मुरडलं, पण बसले लावत.

तिसऱ्या दिवशी सफरचंदांचे दोन तक्ते शेजारीशेजारी आले. एकात शून्य अंश, दुसऱ्यात तीन. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नव्या जातीची सफरचंदं यायला लागली. त्यांना शून्याची थंडी सोसत नाही, म्हणून हा दुसरा तक्ता आला होता. तारीख चार मार्च. मी तो टिपला होता आणि साफ विसरले होते.

त्याच महिन्यात खोली चारमधली ही नवी सफरचंदं नासली होती. वरून टवटवीत, कापली की आत तपकिरी. ती खोली माझ्या धाकट्या दिरांकडे होती. चौकशीत ते म्हणाले, "आकडा माझ्या हातून चुकला." तेव्हापासून ते मालधक्क्यावर खोकी उतरवतात. आणि घरी जेवताना, सगळ्यांसमोर, त्यांना सुनावणारी मीच. लक्ष कुठे असतं तुमचं, भाऊजी?

त्यांनी मला तेव्हा काहीतरी विचारलं होतं आणि मी एक तक्ता धाडला होता, एवढं आठवत होतं. कुठला, ते आठवेना. मधे फोन बदलला, त्यात चित्रं तेवढी आली, जुने मेसेज गेले. गप्प बसले असते तरी कुणाला कळणार नव्हतं. खोटं कशाला बोलू, अर्धा तास मी गप्प बसण्याचाच विचार करत होते.

दुपारच्या सुट्टीत धक्क्यावर गेले. भाऊजी खोक्यावर बसून पाणी पीत होते.

"भाऊजी, त्या वेळी मी तुम्हाला कुठला तक्ता पाठवला होता?"

त्यांनी बाटलीचं झाकण हळूहळू लावलं. "शून्याचा. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय मी."

"मग चौकशीत दाखवला का नाही?"

"त्याच महिन्यात तुम्हाला कक्षप्रमुख करणार होते. म्हटलं, एका घरातल्या दोघांना कशाला बुडवायचं." बाटली बाजूला ठेवून म्हणाले, "तुम्ही जेवताना बोललात ना वहिनी, तेव्हा मात्र खिशातल्या फोनकडे हात गेला होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "तो मला पाठवा. साहेबांना दाखवते. आणि संग्रहातही घालते."

"कशाला आता उकरून काढता?"

"पाठवा."

मी जागेवर पोचेपर्यंत चित्र आलं होतं. त्यांचा प्रश्न, माझा तक्ता, आणि खाली माझेच शब्द : डोळे झाकून हाच आकडा ठेवा. मी फाइलला नाव दिलं : ११ मार्च, खोली चार, चुकीचा तक्ता, पाठवणारी मी.

मग वर लक्ष गेलं. भाऊजींनी त्यांच्या फोनमध्ये माझा नंबर ज्या नावाने ठेवला होता, ते तिथे दिसत होतं. "वहिनी, खात्रीचं माणूस."

नव्या ऑपरेटरने माझ्या खांद्यावरून पाहिलं. "ताई, वरचा तेवढा भाग कापून टाकू?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे."