सहाच्या बाटलीचा तपास

बलभीम आबांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्या एकतीस वर्षांत एकाही माणसावर विश्वास ठेवला नाही. त्यात वैयक्तिक काही नव्हतं. कामच तसं होतं. उसाच्या ट्रॉलीत तळाला दगड असायचे, मोळ्यांत माणूस झोपवलेला असायचा, एकदा तर ट्रॅक्टरवाल्याचा अख्खा मेहुणा निघाला. आबांनी मेहुण्याला उतरवून पुन्हा वजन केलं. त्रेसष्ट किलो कमी भरलं.

असा माणूस निवृत्त होऊन ढोकीला घरी बसला, की त्याला संशय घ्यायला कुणीतरी लागतं. या हिवाळ्यात त्यांच्या वाट्याला साडेपाच महिन्यांची नात आली.

शिवांजली बाटलीवर होती. आईचं दूध पुरेना म्हणून डॉक्टरांनी डब्याचं लिहून दिलेलं. सकाळची, दुपारची, रात्रीची बाटली ती बिनतक्रार रिकामी करायची. फक्त संध्याकाळी सहाची बाटली दिसली की तोंड मिटायची, मान फिरवायची, आणि तरी निपल आत गेलंच तर जिभेनं असं बाहेर ढकलायची, की बघणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं.

एरवी आबांनी हा बायकांचा विषय म्हणून सोडून दिला असता. पण सून निकिता धाराशिवला पंचायत समितीत नोकरीला होती. तिची बाळंतपणाची रजा रविवारी संपत होती आणि ऑफिस सुटून घरी पोचायला तिला साडेसात वाजणार होते. बारशाच्या पंगतीत आबा चार पाहुण्यांदेखत बोलून बसले होते, "सूनबाई, तुमी बिनघोर जावा. सहाची बाटली माझ्याकडं लागली." त्या चार पाहुण्यांत निकिताचे वडील होते.

"रविवारी संध्याकाळी पिली तर सोमवारी मी हजर होते," निकितानं सांगून टाकलं होतं. "नाहीतर बिनपगारी रजेचा अर्ज टाकते, आबा. पोरगी उपाशी ठेवून मला फायली दिसायच्या नाहीत."

म्हणून पंधरा दिवस आधीच रंगीत तालीम सुरू झाली. रोज सहाला आबा ओसरीवर मांडी घालून बसत. काम चोख. दोन घोट झाले की बाटली तोंडातून काढायची, दिव्यासमोर धरायची, चष्मा नाकावर नीट बसवायचा आणि रेघ वाचायची. एकशेवीसवरून एकशेदहा. पुन्हा तोंडात. पुन्हा बाहेर. एकशेदहाच. इथं पोरगी मान फिरवायची आणि आबांची खात्री पटायची, की यात कुणाचा तरी हात आहे.

पहिला संशय शेजारच्या हरणाबाईवर गेला. ती रोज साडेपाचला डोकावून "बया, किती गुटगुटीत!" म्हणायची. आबांनी फाटकाला कुलूप लावलं. हरणाबाई फाटकाबाहेरून गुटगुटीत म्हणायला लागली. द्वारकाबाईंनी, म्हणजे आबांच्या मंडळींनी, मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, पोरगी हसली, दूध प्याली नाही. मग आबांनी दुधाच्या डब्याचा वास घेतला, तारीख वाचली, चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवून बघितली. भुकटी निर्दोष निघाली.

राहता राहिल्या द्वारकाबाई. बारशाला त्या म्हणाल्या होत्या, "तान्हं लेकरू टाकून हापिसात जायचं म्हंजी..." आणि वाक्य तिथंच सोडलं होतं. द्वारकाबाईंनी वाक्य अर्धं सोडलं, की उरलेलं अर्धं जास्त जड असतं, हे आबांना लग्नापासून माहीत होतं. सूनबाईंनी घरी बसावं असं कुणाला वाटत असेल, तर ते बाई बोलणार नाहीत, करतील.

पण काट्यावरच्या माणसाला नुसता संशय चालत नाही, आकडा लागतो. गुरुवारी चारला आबा नातीला फिरवायच्या निमित्तानं उत्तरेश्वरच्या किराणा दुकानात घेऊन गेले आणि दुपट्यासकट काट्यावर ठेवली.

"आबा, हिचा काय भाव लावू?" उत्तरेश्वर म्हणाला.

"तू आकडा सांग."

"सहा किलो चारशे दहा."

नात घरी देऊन आबा नेहमीप्रमाणे पारावर जाऊन बसले. सव्वापाचला पुन्हा तिला घेऊन दुकानात हजर. लंगोट तोच, दुपटं तेच. सहा किलो चारशे पंच्याण्णव.

"वाढली की!" उत्तरेश्वर म्हणाला.

"तासाभरात कुणी वाढत न्हाय," आबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मेहुणा सापडल्याचं समाधान होतं.

शुक्रवारी ते पारावर गेलेच नाहीत. गोठ्याच्या बाजूनं वळसा घालून मागल्या दारानं आत शिरले. पावणेपाचला द्वारकाबाई नातीला मांडीवर आडवी घेऊन वाटी-चमच्यानं डब्याचं दूध पाजत होत्या, आणि पोरगी मिटक्या मारत होती.

"सापडलीस!" आबा गरजले. पोरगी दचकली. द्वारकाबाई दचकल्या नाहीत.

"हळू बोला. निकिता शिवणाचं आणायला गेलीया म्हणून बरं."

"तिची नोकरी घालवायला निघालीस व्हय? आत्ता पोट भरायचं, म्हंजी सहाला पोरगी पिणार न्हाय, म्हंजी सूनबाई घरी!"

"मी? तिला घरी बसवू?" द्वारकाबाईंनी चमचा वाटीत ठेवला. "अवो, सहा महिने झालं, माझ्या सैपाकघरात दोन बायका हायत. मिठाचा डबा रोज निराळ्या फळीवर. तिची रजा कवा संपती म्हणून मी दिवस मोजतीया."

हा जबाब आबांना अनपेक्षित होता. खरा वाटला, म्हणून जास्तच संशयास्पद वाटला.

"मग पाजतीस कशाला चोरून?"

"तुमच्या हातनं पीत न्हाय म्हणून! सहा ते रात्रीपतूर लेकरू उपाशी ठेवू?"

"माझ्या हाताला काय झालंय?"

नातीला पाळण्यात ठेवून द्वारकाबाईंनी चहा केला आणि कपबशी आबांच्या हातात दिली. आबांनी एक घोट घेतला. द्वारकाबाईंनी कप काढून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, डोळे बारीक करून बघितला आणि परत दिला. दुसरा घोट. पुन्हा कप गेला. तिसऱ्या वेळी कप परत येताना चहा बशीत सांडला.

"अगं, पिऊ देतीस का न्हाय!" आबा उठून उभे राहिले. "ऱ्हाऊ दे तुझा चहा. नगं मला."

"बघा," द्वारकाबाई म्हणाल्या. "आणि तुमी तर अठ्ठ्याहत्तर किलोचं हायसा."

आबांनी बशीत सांडलेल्या चहाकडे बघितलं. एकतीस वर्षांत त्यांनी काट्यावर सगळं चढवून बघितलं होतं, स्वतः मात्र कधी चढले नव्हते.

"आधी का न्हाय बोललीस?"

"बोलले असते तर म्हणला असता, ही लपवती कायतरी."

आबा तसंच म्हणाले असते.

रविवारी पावणेपाचला वाटी-चमचा निघाला नाही. दुपारभर आबा पारावर न जाता वाटीवर नजर ठेवून होते. सवय एका दिवसात जात नाही. सहाला निकितानं बाटली भरून दिली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. टेबलावर रजेचा अर्ज लिहून तयार होता. फक्त सही बाकी होती.

द्वारकाबाईंनी आबांपुढं हात पसरला. "चष्मा."

"अगं, पण रेघ..."

"चष्मा द्या."

आबांनी चष्मा काढून दिला. जगच धूसर झालं. बाटली तोंडाला लावली आणि हात आपोआप मागं यायला लागला, तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणं. दिसत तर काही नव्हतं, पण चढाला इंजिन गुरगुरलं तसे आबांचे कान उभे राहिले.

"बावीस टन," ते पुटपुटले. "न्हाय. तेवीस. मागची ट्रॉली जड हाय. त्यात कुणीतरी झोपलंय."

ट्रॅक्टर चढ चढून वळणापलीकडे गेला, गाणं विरलं, आणि आबांच्या ध्यानात आलं, की हातातली बाटली हलकी लागतेय. मांडीवर पोरगी डोळे मिटून नुसती हवा ओढत होती.

त्यांनी हाक मारली नाही. हललेही नाहीत. द्वारकाबाईंनीच जाऊन दार वाजवलं.

निकिता बाहेर आली. तिनं बाटली उचलली, उलटी केली, दिव्यासमोर धरली. मग सासूबाईंकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे, आणि तिची नजर आबांच्या पायजम्यावर थांबली. मांडीवर हातभर ओलं झालं होतं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "खरं सांगा. दूध सांडलं, का ओतलं?"

एकतीस वर्षांत आबांकडे असं कुणी बघितलं नव्हतं. त्यांना सून पहिल्यांदाच आपल्या घरातली वाटली.

"वास घेऊन बघा, सूनबाई," ते म्हणाले. "पावती हाय ती. पोरीनं सोता दिलीया."