अण्णांचा देवमासा

“येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं काटा मारा थोडा. बास!”

अण्णांचा उचललेला पाय होता तिथेच थांबला. पुढे कातळात हातभर फट होती आणि तिच्या तळाशी लाटेचं पाणी आत येऊन परत जात होतं. वैजनाथने ती ओलांडली आणि पलीकडे पाय रोवून वळला.

“आता लांब टांग टाका. येऊ द्या.”

अण्णांनी टांग टाकली. काठी त्यांच्या काखेत होती. ती टेकवायची नाही, हे त्यांनी पहिल्याच सकाळी ठरवून टाकलं होतं. वैजनाथने पुढे केलेला हातही त्यांनी घेतला नव्हता. “हात धरला का मी आंधळा,” ते म्हणाले होते. “तू नुसता आवाज दे. गाडी मी आनतो.”

लहानपणी शाळेला सुट्टी लागली की वैजनाथ वडिलांबरोबर ट्रकवर जायचा. नगरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या थप्पीला गाडी मागे लावायची असली की अण्णा त्याला खाली उतरवत. मग आरशाकडे न बघता, एक कोपर खिडकीबाहेर टाकून, भरलेली गाडी पोराच्या आवाजावर मागे आणत. मोठ्याने बोलायचं आणि बघितल्याशिवाय ‘येऊ द्या’ म्हणायचं नाही, एवढंच त्यांनी शिकवलं होतं. यार्डातले इतर ड्रायव्हर हसत. अण्णा म्हणत, मागच्याचं ऐकायचं नसलं तर मागं माणूस ठेवावाच कशाला.

आता ते टोकाला, शेवटच्या सपाट दगडावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तोंड समुद्राकडे केलं. काचबिंदूने त्यांच्या डोळ्यांत उजेड आणि अंधार एवढंच शिल्लक ठेवलं होतं.

“काय दिसतंय?”

“पानी.”

“आन्?”

“अजून पानी.”

“बघत ऱ्हा,” अण्णा म्हणाले.

देवगडच्या खाली, जिथे बस वळून परत जाते त्या गावाच्याही पुढे हे टोक होतं. वरून डांबरी रस्ता जायचा. तीस एक वर्षांपूर्वी, नगरचा कांदा घेऊन आलेले अण्णा पहाटे त्या रस्त्यावर थांबले होते. ब्रेकची हवा सुटल्यासारखा आवाज आला म्हणून. खाली उतरून त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, पाइप चाचपले. सगळं ठीक होतं. तेवढ्यात पुन्हा तसाच आवाज आला, पाठीमागून. ते वळले. समुद्रात एक काळी पाठ वर आली होती, आणि पुढचा भाग बुडाला तरी मागचा अजून येतच होता. क्लीनर आसाराम केबिनमध्ये घोरत पडला होता. त्याला हलवून खाली आणेपर्यंत समुद्र सपाट झाला.

पाथर्डीच्या डोंगराकडेच्या त्यांच्या गावात पावसाळ्यातसुद्धा ओढ्याला गुडघाभर पाणी टिकत नसे. तिथे पारावर बसून अण्णांनी सांगितलं की मासा एसटीएवढा होता.

“मंग कंडक्टर हुता का त्याच्यात?” कुणीतरी विचारलं.

“अरं, नावच मच्छिंद्र. माशाच्या पोटातनं आलेल्या नाथाचं. ह्याला न्हाई दिसायचा तर कुनाला?”

लोकांनी आसारामला विचारलं. तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, मी तर झोपलो हुतो, मला काय दिसलं न्हाई. तेव्हापासून घराचं नाव पडलं. पाहुण्यांनी पत्ता विचारला तरी लोक सांगत, देवमाशाचं घर ना, ते काय, लिंबाच्या मागं. वैजनाथ शाळेत, कॉलेजात, लग्नाच्या पंक्तीतसुद्धा देवमाशाचाच राहिला. पुढे सुप्याच्या कंपनीत लागला, केडगावला फ्लॅट घेतला; तिथे हे नाव कुणाला ठाऊक नव्हतं. कंपनीत त्याच्याकडे तपासणीचं काम होतं. वस्तू मापाच्या गेजमधून गेली तर गेली, नाही तर बाजूला. त्यात कुणाच्या शब्दाचा संबंध येत नसे. त्याला ते आवडत होतं.

डोळे गेल्यावर अण्णा केडगावला राहायला आले. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी, जेवताना, सृष्टीने विचारलं होतं, “पप्पा, आजोबांनी खरंच देवमासा बघितला का?”

वैजनाथ ताटातल्या भाजीकडे बघत राहिला. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. भाकरी मोडल्याचा आवाज तेवढा आला. अण्णांनी हात चाचपत पाण्याचा तांब्या शोधला आणि अर्ध्या जेवणावरून उठले.

सकाळी वैजनाथ बूट घालत असताना अण्णा दारात येऊन उभे राहिले.

“मला तिथं घेऊन चल.”

“तुमाला दिसनार काय, अण्णा?”

“मला कुठं बघायचंय? मी बघितलाय. तू बघायचास.”

त्याने टाळलं, पुढे ढकललं, वर्षअखेरीचं काम सांगितलं. अण्णा रोज सकाळी त्याच जागी उभे राहून तेच वाक्य म्हणत. शेवटी जानेवारीत त्याने रजा टाकली.

ज्यांच्या घरी खोली घेतली होती त्या बाईंनी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. “हय खंय इलो देवमासो? डॉल्फिन बघूचे तर होडयेन जावा.” रात्री त्यांनी तळलेली सुरमई पुढे ठेवली. अण्णांनी वासावरूनच ताट मागे सारलं.

“बघायला आलोय माशाला,” ते म्हणाले. “खाऊन कुठल्या तोंडानं बघू?”

बाई हसल्या आणि तेव्हापासून न मागता पिठलं-भाकरी बांधून देऊ लागल्या.

आज शेवटची सकाळ होती. दुसऱ्या दिवशी वैजनाथला पहिल्या पाळीला हजर व्हायचं होतं. म्हणजे दुपारच्या आत निघून गगनबावड्याचा घाट चढायला हवा. त्याने मोबाईलमध्ये वेळ बघितली. ऊन पाण्यावर पसरून चकाकायला लागलं होतं. दोन मच्छीमार होड्या लांबून गेल्या. एकदा पाण्यावर काळं काहीतरी आलं आणि तो दोन पावलं पुढे झाला. तो ओंडका निघाला.

“अण्णा, निघायचं का?”

“दिसला?”

“न्हाई.”

“मंग कसं निघायचं?”

“मला उद्या ड्युटीय. तुमाला म्हाईत हाय.”

“तू जा. मी ऱ्हातो. बाई भाकरी देती.”

“आन् हितपत्तर येनार कुनाच्या आवाजावर?”

“लाटा हायेत की.” अण्णांनी गुडघ्यावरची टोपी सरळ केली. “तू चिडू नको, वैजा. तुला लई ऐकून घ्यावं लागलं माझ्यापायी, मला ठाव हाय. म्हनूनच बसलोय. हितनं मी असा न्हाई उठायचा.”

ते तावातावाने बोलले नव्हते. यार्डात हमाल यायला उशीर झाला की स्टेअरिंगवर हात ठेवून ते असेच बसून राहत. वैजनाथ त्यांच्या मागे उभा होता. कातळ तापायला लागला होता. म्हाताऱ्याच्या मानेवर घाम साचला होता, ओठ खारट वाऱ्याने फुटले होते. उचलून नेण्यासारखा हा माणूस नव्हता. त्याने पुन्हा वेळ बघितली. मग समुद्राकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

“अण्णा,” तो म्हणाला. “दिसला.”

अण्णा उठले. काठी न टेकवता, एकदम. टोपी दगडावर पडली.

“कुठं?”

“समोर. जरा उजवीकडं.”

“पाठ दिसली?”

“दिसली. काळी.”

“पानी उडालं?”

“उडालं. लई उंच.”

अण्णांनी डोकं किंचित तिरकं केलं. वारा पडला होता. खालची लाट फटीत शिरून बाहेर आली.

“आवाज न्हाई आला,” ते म्हणाले.

“लांब हाय.”

“आसंल.” मग वाकून त्यांनी टोपी चाचपली, झटकली, डोक्यावर घातली. “बरं झालं. चल.”

वैजनाथला वाटलं होतं, ते खोदून खोदून विचारतील. केवढा होता, किती वेळ होता, एसटीएवढा होता का. त्यासाठी त्याने मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती. अण्णांनी एकही प्रश्न विचारला नाही. काठी काखेत मारून ते उभे होते, तोंड त्याच्याकडे, आवाजाची वाट बघत.

तो पुढे झाला. “येऊ द्या.”

अण्णा आले.

“येऊ द्या... उजवीकडं...”

ते उजवीकडे वळले. शेवाळाच्या कडेकडेने, जिथे तो सांगेल तिथे, जराही न चाचपता त्यांचं पाऊल पडत होतं. वैजनाथ प्रत्येक पावलाकडे बघत होता. हातभर फटीपाशी तो पलीकडे गेला आणि ‘लांब टांग टाका’ म्हणायला त्याने तोंड उघडलं. शब्द आला नाही. अण्णा फटीच्या काठावर येऊन पोचत होते.

“बास!” तो ओरडला. “बास, बास.”

“अरं, थांबलोय,” अण्णा म्हणाले. “वरडतो कशाला?”

तेव्हा तो आवाज आला.

घाटाखाली भरलेला ट्रक थांबवून ड्रायव्हरने ब्रेकची हवा सोडावी, तसा. फुस्स करून निघालेला, मोठा, ओलसर. वैजनाथने आधी वरच्या रस्त्याकडे बघितलं. रस्ता मोकळा होता.

मग तो समुद्राकडे वळला.

ते लांब नव्हतं. टोकाच्या डाव्या अंगाला, जिथे पाण्याचा रंग एकदम गडद होत होता, तिथे वाफेचा एक खांब हवेत उभा होता आणि हळूहळू वाकत होता. त्याच्याखाली पाठ होती. ती पुढे सरकत होती, तिच्यावरून पाणी निथळत होतं, आणि ती संपत नव्हती. संपली असं वाटेपर्यंत मागे पाठीवरचा एक लहानसा वाकडा पर वर आला, तोही पाण्यात गेला, आणि त्या जागी तेल सांडल्यासारखा गुळगुळीत डाग राहिला.

वैजनाथचा हात आपोआप वर आला होता, बोट समुद्राकडे, जे अण्णांना दिसणार नव्हतं.

अण्णा फटीच्या त्या काठावरच उभे होते. त्यांनी समुद्राकडे तोंड वळवलं नव्हतं. ते वैजनाथकडेच होतं, गाडी मागे घेताना असायचं तसं, कान पुढे करून.

“वैजा,” ते म्हणाले. “ह्यो दुसरा का रं?”

किती सोपं होतं. हो म्हटलं की झालं असतं. अण्णांनी जणू दार उघडून धरलं होतं आणि ते बाजूला उभे होते.

“न्हाई, अण्णा,” वैजनाथ म्हणाला. “पहिलाच.”

अण्णांनी मान हलवली. काठी काखेतून काढून त्यांनी पहिल्यांदाच कातळावर टेकवली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

“मंग माझ्याकडं नको बघू,” ते म्हणाले. “तिकडं बघ. सृष्टीला तुला सांगायचंय. मी हितनं हालत न्हाई.”

वैजनाथने त्यांच्या पायांवरची नजर काढली आणि समुद्राकडे वळवली. डाग पसरत पसरत नाहीसा झाला. काही वेळ नुसतंच पाणी होतं. मग त्याच्याही पलीकडे, खूप डावीकडे, ते पुन्हा फुगायला लागलं.

“येतोय,” तो मोठ्याने म्हणाला. “डावीकडं, अण्णा. येतोय... येतोय...”