मावशींचा सात ओळींचा अर्ज

मित्रांनो, कपाटावरच्या या काळ्या धुडाकडे बघून हसू नका. मी टाइपरायटर आहे आणि अजून ताठ आहे! कारखान्यातून निघालो तो थेट एका प्राध्यापकांच्या टेबलावर आलो. सरांचा विषय होता शहरातली गरिबी. वीस वर्षांत त्यांची नऊ पुस्तकं माझ्यावर टाइप झाली. हार सरांच्या गळ्यात पडायचे आणि फुशारून जायचो मी. फरशी पुसणाऱ्या मावशी कुठे राहतात, हे मात्र आम्ही दोघांनीही कधी विचारलं नव्हतं.

एकदा मावशी पालिकेची नोटीस घेऊन आल्या. त्यांच्या वस्तीतला एकुलता एक नळ बंद होणार होता. हरकत लेखी हवी, मुदत आठ दिवस. "एवढंच ना? द्या इकडे," म्हणत सरांनी अकरा पानं बडवली. प्रस्तावना, तळटीपा, शेवटी संदर्भग्रंथांची यादी! सातव्या दिवशी कारकुनाने तो गठ्ठा मावशींच्या हातात परत ठेवला. यात मागणी काय आहे तेच कळत नाही, म्हणाला.

"सर, लिहिलंय झकास. पण यात आमचा नळ कुठाय हो?"

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. मुदतीला एकच दिवस उरला होता. त्यांनी मावशींना शेजारी खुर्चीवर बसवलं. त्या घरात मावशी पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होत्या.

"तुम्ही सांगा मावशी, मी लिहितो."

"लिहा. घरं एकशेवीस. नळ एक. तो बंद केलात तर मोठा रस्ता ओलांडून पाणी आणावं लागेल. मागे नळ बिघडला, तेव्हा माझी जाऊ तिथेच गाडीखाली गेली. आमचा नळ राहू द्या."

वाचून दाखवताना सरांच्या तोंडून मध्येच 'वस्तुतः' निघालं.

"हे कुठून आलं? मी नाही असं म्हटलं!"

सरांनी मुकाट्याने तो शब्द खोडला. अर्ज सात ओळींचा झाला, सह्या आणि अंगठे चार पानं भरून. आणि नळ राहिला! मग दर रविवारी सर मला उचलून वस्तीत नेऊ लागले. तिथे ते आधी ऐकायचे, मग लिहायचे.

परवा एका पाहुण्यांनी विचारलं, "तुमची गाजलेली पुस्तकं यावरचीच ना?"

सर म्हणाले, "हो. पण यावरचं सगळ्यात मोलाचं लिखाण मावशींचं आहे."

काय सांगू, माझी छाती फुगली! म्हणून मित्रांनो, मला शोभेला ठेवू नका, शाईची नवी फीत घाला. खूप शिका. ज्यांच्याविषयी लिहाल, त्यांच्यासाठीही लिहा. आणि लिहून झालं की आधी त्यांना वाचून दाखवा.