कोरडा झाडू

शाळेतून निवृत्त झाला तरी त्याला सगळे शिपाईच म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. चौतीस वर्षं त्याने शाळेचे व्हरांडे झाडले. गुळगुळीत फरशी, कोपऱ्यात कण सापडेल तर शपथ. हेडमास्तर पाहुण्यांना वर्गांच्या आधी व्हरांडे दाखवायचे, आता बोला.

बायकोची छाती बिघडली, जिने चढवेनात, तेव्हा लेकीने गाडी रस्त्यावर काढली आणि गॅरेजात आईवडिलांचा संसार मांडून दिला. पलंग, पडदा, टेबलफॅन, सगळं झकास. खाली जमीन मात्र उघड्या काँक्रीटची. सकाळी टेबल पुसावं तर दुपारी त्यावर बोटाने अक्षरं काढता यावीत एवढी धूळ.

शिपाई इरेलाच पेटला. दिवसातून तीनदा झाडायचा. बायको खोकली की चौथ्यांदा. ती पलंगावर पाय वर घेऊन तोंडाला रुमाल लावायची. "घ्या, निघाली स्वारी."

"तू बोलू नकोस, धाप लागेल. बघतोच मी या धुळीकडे."

असे सात महिने गेले. मग एका सकाळी तिचे ओठ निळे पडले आणि तिला हॉस्पिटलात हलवावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी लेकीला बजावलं, खोलीत धूळ असेल तर घरी न्यायचं नावही काढू नका. आणि बायकोचा तर एकच धोशा, मला घरी न्या. लेकीने त्याच दिवशी जमिनीचा बंदोबस्त करायला रंगाऱ्याला फोन केला आणि स्वतः आईजवळ बसून राहिली.

रंगाऱ्याने उकिडवं बसून जमिनीवर पाण्याचे चार थेंब टाकले. बघता बघता जिरले. तळवा घासला, तो पांढराफटक.

"झाडता कशाने, काका?"

"झाडूने. कोरडा, चांगला कडक. रोज तीनदा." शिपायाने जरा ऐटीतच सांगितलं.

"तिथंच घोळ झाला. उघडं काँक्रीट झाडलं की वरचा थर सुटतो. जितकं झाडाल तितकी धूळ, आणि ती तासन् तास हवेत राहते. ओल्या फडक्याने पुसायचं नुसतं. वरून सीलरचा लेप मारला असता तर प्रश्नच मिटला होता." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. तो बादली शोधायला गेलासुद्धा.

बायकोच्या छातीत धूळ कुणी भरली, हे शिपायाला आता कुणी समजावून सांगायला नको होतं.

संध्याकाळी हॉस्पिटलात त्याने लेकीला चहाला पाठवलं आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. "मीच तुला धूळ चारली. घाल मला शिव्या."

नाकातल्या नळीतून तिने श्वास गोळा केला. "माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही झाडलंत की दम वाढायचा. दुसऱ्याच महिन्यात कळलं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"काय बोलू? शाळा सुटल्यापासून हातपाय गाळून बसला होतात. झाडू हातात आला की तुमचा चेहरा बदलायचा. वाटलं, सोसेल मला."

तो नुसता तिचा हात चोळत राहिला.

रंगाऱ्याने धुतलं, वाळवलं, सीलरचे दोन हात मारले. चौथ्या दिवशी जमिनीवर तळवा घासला तर कण लागेना. पण ती त्या पहाटेच गेली होती.

लोक भेटायला आले. गॅरेजात खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "किती जपलंत हो तुम्ही त्यांना. दिवसातून तीन-तीनदा झाडायचात. असा नवरा मिळायला नशीब लागतं."

सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं. बाजूला लेक रडत रडत मान डोलावत होती. झाडूचं तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो पुन्हा गप्प बसला.