तिरकी बोटं

योगेश पायरीवर चपला काढत होता आणि रंगनाथ पिंगळे दाराची चौकट धरून त्याच्याकडे बघत होता. शनिवार म्हणजे औद्योगिक वसाहतीची सुट्टी. बायको गेल्यापासून आणि मुलगी रूपाली लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी या दाराची कडी कोणी वाजवत नसे. योगेशच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. रंगनाथने ते पाहिलं, पण विचारलं नाही. आधी चहा टाकला. दुसरा कप मांडणीच्या मागच्या बाजूने काढून धुवावा लागला.

सातपूरला यादव साहेबांच्या कारखान्यात चौऱ्याण्णव साली पहिला ‘हात’ तयार झाला होता. हात म्हणजे सिनेमातला चालता-बोलता यंत्रमानव नव्हे. एक लोखंडी खांब, त्यावर फिरणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला दोन बोटं. त्याने प्रेसमध्ये पत्रा ठेवायचा, साचा खाली येऊन वर गेला की तयार झालेला नग उचलून बाजूला ठेवायचा. त्याआधी हे काम माणसं करत, आणि वसाहतीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ग्लास धरलेल्या पंजांत एखादा तरी अपुरा पंजा दिसे. साहेबांनी आराखडा काढला, रंगनाथने हात घडवला. योगेश त्याच्याच हाताखाली शिकला. प्रश्न विचारून भंडावून सोडायचा, आणि रंगनाथला त्याचं फार कौतुक. मग एक दिवस तो गेला, अंबडला शेड घेतली आणि तसाच हात निम्म्या किमतीत विकू लागला. तेव्हापासून त्याचं नाव निघालं की कारखान्यातली माणसं रंगनाथकडे बघत आणि जेवणाच्या सुट्टीत जरा लांब बसत.

योगेशने आधी रूपालीची चौकशी केली, मग रंगनाथच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेची. कप अर्धा झाल्यावर वर्तमानपत्र सोडलं. आत दोन पोलादी बोटं होती.

“नग सुटतोय, काका. सगळं करून बघितलं.”

रंगनाथला कळलं कुठला नग ते. मोटारीचे भाग बनवणाऱ्या अंबडच्याच एका कंपनीला आपल्या सगळ्या प्रेसना हात बसवायचे होते. अजमावून बघायला तिने दोन हात मागवले होते, एक यादव साहेबांचा, एक योगेशचा. जो टिकेल त्याला सगळं काम. हे काम हुकलं तर हातांचा विभाग बंद करावा लागेल, असं साहेबांनी रंगनाथला समोर बसवून सांगितलं होतं. आपला हात ठीक चालला होता. योगेशच्या हाताची खबर सातपूरला पोचली नव्हती. ती आता अशी घरी चालत आली होती.

त्याने बोटं खिडकीशी नेली, एकमेकांना लावली आणि फटीतून येणारा उजेड पाहिला.

“माप कुठून उचललं?”

“ओझरच्या हातावरून. तुमचा सगळ्यात चांगला चालणारा तोच ना. आजवर एक नग सोडला नाही त्याने.”

रंगनाथला हसू आलं आणि लगेच विरलं. ओझरच्या त्या शेडखाली काळी माती होती. प्रेस एका अंगाला खचली होती आणि मालक पाया उकरू द्यायला तयार नव्हता. म्हणून रंगनाथने नाइलाजाने त्या एका हाताची बोटं कानशीने तिरकी घासली होती. साहेबांच्या आराखड्यात ती सरळच होती. योगेशने नेमकं ते तिरकेपण हुबेहूब उतरवून घेतलं होतं, आणि अंबडच्या सपाट फरशीवर ते नग पाडत होतं.

हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. रंगनाथने ते सांगितलं नाही. गप्प राहिलं की झालं, आठवड्याभरात निकाल लागला असता. त्याने बोटं पुन्हा कागदावर ठेवली.

“नग पडला की काय करता?”

योगेश कपात बघत म्हणाला, “बाई काढते.”

“हातानं?”

“प्रेस थांबवली की नग कमी भरतात, काका. मग कंपनी म्हणणार, हात फेल.”

रंगनाथ उठला. रिकामे कप मोरीत नेऊन ठेवले आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला.

“उद्या पहिल्या पाळीला येतो. कानस चांगली आण. तुझ्याकडं असंल तसली नको.”

कंपनीत योगेशचा हात बसवलेल्या प्रेसवर लताबाई होत्या. बांगड्या कोपरापर्यंत मागे सारलेल्या. नग घसरला की साचा वर असतानाच त्यांचा हात आत जाई आणि नग घेऊन बाहेर येई. रंगनाथने ते दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा बघवेना. त्याने प्रेस बंद करायला लावली, बोटं शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळली आणि घासायला बसला. तिरकेपण का आलं ते सांगू लागला तेव्हा योगेश पूर्वीसारखाच वाकून ऐकत होता, मधे मधे विचारत होता. तेवढा वेळ रंगनाथला आपण कुठे आहोत याचा विसर पडला.

प्रेस सुरू झाली. नग अलगद उचलला गेला, अलगद बाजूला ठेवला गेला. लताबाईंचा हात सवयीने काही वेळा पुढे सरकला, मग मांडीवर थांबला.

“मी काय करू मग आता, बाबा?”

“बसा. लक्ष ठेवा नुसतं.”

फाटकापर्यंत सोडायला आलेला योगेश म्हणाला, माझ्याकडे या, पोरं देतो, शिकवा त्यांना. रंगनाथ म्हणाला, “एकाला शिकवलं तर त्यानं दुकान मांडलं. लय झालं तेवढं.” दोघेही हसले. रिक्षात बसल्यावर रंगनाथ एकटाच होता.

काम योगेशला गेलं. दोन्ही हात सारखेच चालत असतील तर महाग कोण घेईल? योगेशची बोटं आपणच घासून दिली, हे रंगनाथने साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं. यादव साहेब म्हणाले, “मीही हेच केलं असतं असं म्हणायला आवडेल मला. पण खात्री नाही, पिंगळे.”

महिनाअखेरीस विभाग बंद झाला. माणसं इकडेतिकडे पांगली, रंगनाथला स्टोअरमध्ये बसवलं. कोणी त्याला काही बोललं नाही. कोणी काहीच बोललं नाही.

एका दुपारी टेम्पोतून कंपनीने साहेबांचा हात परत पाठवला. हमालांनी तो उतरवून भिंतीशी उभा केला आणि ते गेले. रंगनाथ धूळ पुसायला जवळ गेला तर बोटांत एक नग तसाच होता. उचलला असतानाच कोणीतरी हवेची नळी काढून टाकली असावी. या बोटांचं असं होतं की ती स्प्रिंगने मिटत आणि हवा दिल्याशिवाय उघडत नसत. अंबडपासून सातपूरपर्यंतचे सगळे खड्डे त्याने तो नग धरून ठेवला होता.

रंगनाथने नळी जोडली, बोटांखाली दोन्ही तळवे धरले आणि पायाने हवा सुरू केली.